मास्तर, शाल घेतली नाहीत, पत्र तरी घ्या

मास्तर, जय ख्रिस्त.

यंदा चर्चच्या सणाला तुमचा सत्कार करायचा असं पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत निघालं आणि तुम्ही तो विषय तिथल्या तिथे मोडीत काढलात. "शाली घरात दोन आहेत आणि नारळ मास्तरीणबाई रोज खवतात," एवढं बोलून तुम्ही हॉलच्या गळक्या पत्र्यावर आलात. फादर हसले, बाकीचेही हसले, आणि पत्र्याचा खर्च तेवढा मंजूर झाला. माझं देणं मात्र तसंच राहिलं. म्हणून हे चारचौघांत वाचायचं पत्र. बैठकीतला ठराव हाणून पाडता येतो, लिहून झालेलं पत्र नाही.

तुम्हाला न ओळखणारेही हे वाचतील, म्हणून थोडं आपल्याबद्दल. सांगली-मिरजेत ख्रिश्चन म्हटलं की लोकांना मिरजेचं मिशन हॉस्पिटल आठवतं. आठवणारच. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये ते सुरू केलं आणि 'मिशन' हा शब्द इथे घरोघरी गेला. पण ती प्रोटेस्टंटांमधली प्रेस्बिटेरियन मंडळी. आपण कॅथलिक, म्हणजे मूठभरांतले चिमूटभर. रविवारी बाकांवर नजर टाकली तर मिरज जंक्शनवरच्या नोकरीमुळे इथे राहिलेली गोव्याची आणि तमिळ घराणी, हॉस्पिटलांत कामाला आलेल्या केरळच्या नर्सेस, बेळगावकडची कोकणी-कन्नड बोलणारी कुटुंबं, आणि आमच्यासारखे नगर जिल्ह्यातून आलेले मराठी लोक. पाच भाषा, आणि नाताळच्या गायनात कुठलं गीत कधी घ्यायचं यावरून सहा मतं. तुम्हीही मूळचे नगरकडचेच धर्मशिक्षक, म्हणून आमच्या आईने पहिल्याच रविवारी तुम्हाला 'मास्तर' म्हटलं आणि मग गोव्याचे अंकलसुद्धा तेच म्हणायला लागले.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात होता. मी एका पेढीवर हिशेब लिहिते. सौद्यांच्या दिवसांत रजा मागणं म्हणजे काय, हे यार्डातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आई मिरजेतल्या एका हॉस्पिटलात, मी सांगलीत वह्यांवर, आणि मधला रस्ता रोज दोन वेळा. त्या आठवड्यात तुम्ही फादरना घेऊन आलात. फादरांच्या हातात तेलाची कुपी दिसली आणि आईने तोंड फिरवलं. तिच्या लहानपणी गावात फादर तेल घेऊन आले की घरातल्या बाया रडायला सुरुवात करायच्या. तेल म्हणजे शेवट, अशीच तिची समजूत.

तुम्ही घाई केली नाहीत. फादरना बाहेर खुर्ची दिलीत आणि स्टूल ओढून तिच्यापाशी बसलात. याकोबाच्या पत्रात काय लिहिलंय ते तिच्याच बोलीत सांगितलंत: कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. आजारी असेल तर, मरत असेल तर नव्हे. मधल्या काळात तो 'शेवटचा अभ्यंग' होऊन बसला, आणि १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेने त्याला पुन्हा आजाऱ्यांचा संस्कार केलं, हेही सांगितलंत. ईस्टरआधीच्या पुण्य सप्ताहात बिशप तेल आशीर्वादित करतात, तेच तेल हे, वर्षभर सगळ्या चर्चमध्ये पुरवून वापरायचं. आईने विचारलं, "कशाचं तेल?" तुम्ही म्हणालात, "ऑलिव्हचं. पण ते मिळत नसेल तर दुसरं वनस्पतीचं तेलही चालतं, १९७२ पासून पोपसाहेबांनी तशी मुभा दिलीय." हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे करडईचंसुद्धा?" आणि मग कपाळ पुढे केलं. फादरांना आत यायला सांगायला मीच गेले. त्या क्षणी मला देवाच्या कृपेपेक्षा तुमच्या स्टुलाचंच जास्त कौतुक वाटत होतं, हे खरं सांगते.

पुढे दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली की तुम्ही ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे तिथे आशीर्वादित झालेल्या भाकरीची, ती छोटी सोनेरी डबी गळ्यात अडकवून एम-ऐटीवर मिरजेला यायचात. आधी चर्चमधून निघताना कुणाशी गप्पा नाहीत, वाटेत चहा नाही. माझ्या चुलतभावाने विचारलं होतं, फादर असताना तुम्ही कसं काय नेता? तुम्ही त्याला रोमच्या संत जस्टिनपर्यंत घेऊन गेलात. दुसऱ्या शतकाच्या मध्याला त्याने लिहून ठेवलंय की रविवारच्या सभेला जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक प्रसादाचा भाग पोचवतात. प्रापंचिकांना ही परवानगी रोमने १९७३ मध्ये दिली, पण निरोप जुनाच: आज तुमची जागा रिकामी होती, ती आम्ही मोजली.

बारीकसारीक गोष्टींत तुमचं ज्ञान दिसायचं. घरी टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती. पण वॉर्डात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्तीचं नावसुद्धा काढायचं नाही. आईला गिळताना त्रास व्हायचा, तर ख्रिस्तप्रसादाचा अगदी छोटा तुकडा आणि मागोमाग चमचाभर पाणी. एकदा ती घेईचना, कारण औषधासोबत तासाभराच्या आत चहा-बिस्किट झालं होतं. तुम्ही म्हणालात, आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना प्रसादाआधीचा तो तासाचा उपास लागू नाही. आणि मग माझ्याकडे वळून, "त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही. तूही घे." मी रात्रभर जागी होते, सकाळी कँटीनचा वडा खाल्ला होता. चर्चच्या कायद्यात कुणीतरी रात्रपाळी करणाऱ्या मुलीचा विचार करून ठेवलाय, हे मला त्या दिवशी कळलं.

इथवरचं आभाराचं झालं. असे आभार पुष्कळ जण पुष्कळांचे मानतील. मला ज्यासाठी पत्र लिहायचं होतं ते पुढे आहे.

आई घरी आली. उजवा हात गेला होता, पाय ओढत होता, बोलणं मात्र शाबूत. भेटायला लोक यायचे, सफरचंदं ठेवायचे, "काळजी घ्या" म्हणायचे आणि जायचे. चांगलीच माणसं ती. पण प्रत्येक भेटीनंतर आई थोडी आणखी आजारी दिसायची. तुम्ही मात्र एका रविवारी डबीसोबत एक शंभरपानी वही घेऊन आलात. तिच्यात नावं आणि फोन नंबर: कुठल्या वॉर्डात कोण आहे, कुणाचं ऑपरेशन कधी, कुठली नर्स नवी आलीय आणि हॉस्टेलात एकटी राहते, कुणाच्या घरी बाळंतपण. "बाई, माझे कान आता फोनला साथ देत नाहीत. हे काम तुम्ही करा," असं म्हणून वही तिच्या डाव्या हाताखाली ठेवलीत. तुमचे कान अजूनही अल्तारावरून शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकतात, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातली पोरं शपथेवर सांगतील.

आईने ते काम मनावर घेतलं. रोज दुपारी चार वाजता फोन सुरू. विजापूरकडून उपचाराला आलेल्या एका कुटुंबाशी ती मराठीत बोलायची, ते कन्नडमध्ये उत्तर द्यायचे आणि दोन्हीकडे समाधान असायचं. केरळच्या पोरींशी तिचं हिंदी: "खाना खाया क्या? क्या खाया? उतनाही?" कुणाला रक्त लागलं, कुणाला कन्नड-मराठी दुभाषा लागला, कुणाच्या नातेवाइकाला रात्री टेकायला जागा हवी, की आईचा तुम्हाला फोन आणि तुमचा आणखी कुणालातरी. डाव्या हाताने ती वहीत फुल्या मारायला शिकली. फिजिओथेरपिस्टने त्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं, घेऊ दे बिचारा.

मला यात नवल वाटायला नको होतं. २०१९ च्या पुरात मी हेच पाहिलं होतं. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. २००५ च्या पुराची रेघ भिंतीवर पाहून निश्चिंत राहिलेली घरं पाण्यात गेली. आपल्या हॉलमध्ये गावभागातली कुटुंबं आली, त्यांत ख्रिस्ती एखाददुसरं. आम्ही युवक मंडळवाले धावत-पळत वाढायला लागलो. तुम्ही येऊन त्या बायकांनाच विचारलंत, "तुमच्यात भाकरी कोण चांगली थापतं?" आमच्यातली एक जण चिडली: अहो, त्यांचं घर बुडालंय, त्यांना कामाला काय लावता? तुम्ही तिला म्हणालात, "घर बुडालंय, हात नाही बुडाले." संध्याकाळपर्यंत एक आजी चुलीची प्रमुख झाली होती, एक शिक्षक पोरांचा वर्ग घेत होते, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यातून नेसण्याजोगं काय आणि लाजेने टाकून द्यावं असं काय, याची निवड पूरग्रस्त बायकाच करत होत्या. देणाऱ्यांनी काय काय पाठवलं होतं ते इथे लिहीत नाही. फोटो काढायला आलेल्या पाहुण्याला तुम्ही पिठाच्या पोत्याचं दुसरं टोक धरायला लावलंत, तेही लिहीत नाही म्हणता म्हणता लिहिलं.

सेवा करणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, मास्तर. चर्चमध्येही नाहीत, बाहेरही नाहीत. पण बहुतेकांना देणारा आणि घेणारा ही मधली रेघ जपायची असते. घेणाऱ्याने घेत राहावं, हात जोडावेत, पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत यावं. तुम्हाला ती रेघ दिसतच नाही, किंवा दिसते आणि तुम्ही तिच्यावर मुद्दाम चालता. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगितली होती. १८३३ मध्ये पॅरिसमधल्या फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती सुरू केली आणि पहिलं काम ठरवलं ते गरिबांच्या घरी जाण्याचं. त्यांना बोलावून रांगेत उभं करायचं नाही, आपण त्यांच्या घरी जाऊन बसायचं. आणि जायचं ते जोडीने, कारण प्रभूनेही शिष्यांना दोघे-दोघे करून पाठवलं. माझी जोडी तुम्ही रेल्वेतून निवृत्त झालेल्या गोव्याच्या गार्ड अंकलशी लावलीत. त्यांना मराठी जेमतेम, मला कोकणी अजिबात नाही. जिने चढताना ते 'सिग्नल' म्हणून थांबतात आणि दम घेतात. या माणसाबरोबर फिरून मी सांगली जेवढी पाहिली तेवढी जन्मात पाहिली नसती.

गेल्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात आई गेली. दफनविधीला किती माणसं येतील याचा माझा अंदाज घरच्यांपुरता होता. मी कधीही न पाहिलेली माणसं आली. विजापूरकडचं ते कुटुंब रात्रीच्या गाडीने आलं. हॉस्टेलातल्या नर्सेस पाळी बदलून आल्या आणि मल्याळममध्ये एक गीत म्हणाल्या. एक मुसलमान रिक्षावाले होते. त्यांच्या मुलीसाठी आईने रक्त शोधून दिलं होतं म्हणे. आलेले सगळे जण मला सांगत होते की तुमची आई रोज फोन करायची. आजारी बाईच्या मयतीला लोक सांत्वनाला येतात. हे सगळे तिच्याकडून काहीतरी मिळालं म्हणून आले होते. तिची शेवटची वर्षं अंथरुणावर गेली असं मी म्हणत होते. त्या दिवसापासून म्हणत नाही. आणि ते तुमच्यामुळे.

पेटी खाली सोडल्यावर तुम्ही मातीची पहिली मूठ माझ्या हातात दिलीत आणि बाजूला झालात. दुसऱ्या दिवशी घरी आलात, मास्तरीणबाईंनी पिठलं-भाकरी आणली होती. जेवण झाल्यावर तुम्ही वहीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि काहीच बोलला नाहीत. तुमची ही सवय मला माहीत आहे.

तर वही आता माझ्याकडे आहे. यार्डातून सुटल्यावर फोन करते, चारऐवजी सात वाजतात. काही पानांवरचं तुमचं अक्षर मला लागत नाही. एका नावापुढे तुम्ही 'कफ' लिहिलंय की 'कर्ज' ते सांगा, दोन्हींची व्यवस्था वेगळी आहे. ११ फेब्रुवारीला, लूर्डमातेच्या सणाला, आजाऱ्यांसाठी मिस्सा आहे. ज्यांना गाडीने आणायचं त्यांची यादी करतेय. फादर म्हणाले, तेल लावून घ्यायला कुणी घाबरत असेल तर आधी मास्तरांना पाठवू. तुमचं स्टूल लागेल.

सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला या वेळी तुम्ही दोघं आमच्याबरोबर चला. आईचा नवस फेडायचा आहे. तिकिटं मी काढतेय, पैसे देऊ नका. बसमध्ये कोण कुठे बसणार आणि डबा कुणी काय करायचा, ते मात्र तुम्हीच ठरवा.

तुमच्या धर्मग्रामातली,
हळदीच्या पेढीवरची