नैरोबीच्या गोवन क्लबांची खरी गोष्ट सांगणाऱ्या आंटींना

आदरणीय आंटी,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘कित्याक गो!’ म्हणून उडवून लावता, म्हणून हे जाहीर पत्र.

नैरोबीच्या गोवन इन्स्टिट्यूटबद्दल मला वाचून माहीत होतं ते एवढंच. स्थापना १९०५. युगांडा रेल्वेत नि सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करायला गेलेले गोंयकार, म्हणजे गोव्याचे लोक. गोऱ्यांच्या क्लबात त्यांना प्रवेश नाही, म्हणून मग आपला क्लब. हॉकी, टेनिस, नाच, गाणी. ऐकायला छानच वाटतं.

तुम्ही तुमच्या शिंपी पप्पांची मापांची वही काढलीत तेव्हा कळलं, की क्लब एक नव्हताच. १९३६ मध्ये इन्स्टिट्यूटमधून फुटून गोवन जिमखाना निघाला. शिंप्यांची सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावाची सोसायटी निराळी, रेल्वेवाल्यांचं इन्स्टिट्यूट आणखी निराळं. गोऱ्यांनी रंग बघून बाहेर ठेवलं, आणि आपल्या लोकांनी जात नि हुद्दा बघून आपसांत भिंती घातल्या. समारंभांतल्या भाषणांत हे कुणी काढत नाही. तुम्ही मात्र चहा गाळता गाळता सांगून टाकलंत.

ती वही अजून डोळ्यांपुढून हलत नाही. छाती, बाही, कंबर, पुढे गिऱ्हाइकाचं नाव, आणि लाल पेन्सिलीने बाकी. पप्पांनी शिवलेले सूट घालून लोक ज्या फ्लोअरवर नाचायचे, तिथे पप्पांना मेंबरशिप नव्हती. ‘नाच त्यांचो, उधारी आमची,’ असं म्हणून तुम्ही हसलात. मला काही हसू आलं नाही.

खेळाचं बोलताना मात्र तुमचा सूर बदलला. १९५६, १९६० आणि १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या केनियाच्या हॉकी संघांत गोंयकार होते. १९६२ ला पर्थच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मोंबासाच्या सेराफिनो अंतावने १०० आणि २२० यार्डांत सुवर्ण मारलं, तेव्हा तो कुठल्या क्लबचा हे कुणी विचारलं नाही म्हणे! आणि नैरोबीतले गोंयकार डॉक्टर रिबेरो झेब्र्यावर बसून गावात फिरत, ही मला थापच वाटली होती. तुम्ही सरळ फोटो पुढ्यात ठेवलात.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९६३ ला स्वातंत्र्य, मग नागरिकत्वाचे नि वर्क परमिटचे प्रश्न, १९७२ ला शेजारच्या युगांडातून हुकूमशहा इदी अमीनने एशियनांना घालवलं. कोण लंडनला गेलं, कोण टोरांटोला. तुम्ही म्हापशाला परतलात, आणि त्या वहीला वाळवी लागू दिली नाहीत, याबद्दल देव बरें करूं.

वहीचं स्कॅनिंग झालंय. रविवारी चर्चमधली मास सुटल्यावर आणून देते. मापं छापीन, बाकी असलेल्यांची नावं छापणार नाही. त्यांची नातवंडं तुमच्याच वाड्यावर राहतात, आणि तुम्हाला रोज पाव त्यांच्यातल्याच पोदेराकडून घ्यायचा असतो.

तुमची ऋणी,
फोंड्याची ती प्रश्न विचारणारी