गाडीतली नोंद वाचवणाऱ्या ताईंना

ताई,

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई लिहिते. पण पत्र सगळ्यांसमोरच लिहायचं ठरवलंय. तुम्ही जे केलंत ते प्रत्येक ड्रायव्हरच्या घरात माहीत हवं.

टेंभुर्णीच्या अलीकडे पहाटे तीनच्या सुमाराला यांची गाडी उभ्या ट्रेलरवर मागून आदळली. डावा पाय गुडघ्याखाली गेला. हे शुद्धीवर यायच्या आत गुन्हा यांच्यावरच दाखल झाला होता, 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात' म्हणून. मागून धडकला तो चुकला, आणि रात्रीची वेळ म्हणजे डुलकी लागली असणार, असं गावानेही धरून टाकलं. ट्रेलरवाल्यांचा जबाब होता की टायर फुटून दहाच मिनिटं झाली होती आणि पार्किंग लाइट चालू होते.

तुमची-आमची ओळख किती? शेठच्या गाड्यांना तुम्ही जीपीएस बसवता, एवढीच. फोन तुम्हीच केलात. पोलिसांकडून गाडी सुटली तरी ती लगेच गॅरेजला लावू देऊ नका, बॅटरी जोडू देऊ नका, असं सांगितलंत. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की जुने फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने टिपलेल्या बिघाडाच्या खुणा, आधी पुसतात, हे आम्हाला कुठून कळणार? सर्व्हरवरची बारीक नोंदही कायमची राहत नाही, काही महिन्यांनी नुसती फेरीची गोळाबेरीज उरते, हेही तुमच्याकडूनच कळलं. तुमच्या सांगण्यावरून वकिलांनी शेठ, जीपीएस कंपनी आणि ट्रेलरमालक या तिघांना नोंदी जशाच्या तशा ठेवा म्हणून लेखी कळवलं. ट्रेलरची नोंद सहजी कोण देतं? पण आम्ही भरपाईचा दावा लावला होता, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ ने असे दावे ऐकणाऱ्या दावा न्यायाधिकरणाला दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. वकिलांनी अर्ज केला आणि ती मागवून घेतली.

त्या नोंदीने दाव्याचं तोंडच फिरलं. ट्रेलरचं इंजिन रात्री १२:५० ला बंद झालेलं, त्यानंतर जागा तसूभर हललेली नाही. १:१५ ला 'मेन पॉवर कट'चा अलर्ट, म्हणजे ट्रेलरच्या बॅटरीची वीज तुटल्याची खूण. त्यापुढे जीपीएसचं यंत्र स्वतःच्या छोट्या बॅटरीवर चालू होतं. वायर सैल झाली असेल, असं त्यांचे वकील म्हणाले. उलटतपासणीत त्यांच्याच ड्रायव्हरने कबूल केलं की बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं होतं. मग पार्किंग लाइट कशावर चालू होते? दोन तास तो ट्रेलर अंधारात हमरस्त्यावर उभा होता.

आमच्या गाडीच्या नोंदीत वेळ २१:३४ दिसत होती. ट्रेलरच्या विमा कंपनीचे वकील म्हणाले, ही दुसऱ्याच फेरीची आहे. जीपीएसची वेळ जागतिक असते, साडेपाच तास मिळवले की पहाटेचे ३:०४ होतात, हे तुम्ही साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून शांतपणे सांगितलंत. वेग ५८ होता. अचानक ब्रेकचा अलर्ट धडकेनेच आला, झोपेतल्या माणसाने ब्रेक लावलाच नाही, असंही त्यांनी म्हणून पाहिलं. तेव्हा तुम्ही ब्रेक पेडलच्या स्विचची नोंद दाखवलीत. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रात वेगळी येते आणि धक्क्याच्या आधीची होती. म्हणजे हे जागे होते. ट्रेलर दिसला तसा ब्रेक दाबला होता. ताई, पैशांचं पुढे बघू, पण त्या दिवशी मी घरी आले आणि यांच्या आईला पहिलं तेच सांगितलं.

प्रमाणपत्राचं काम तर तुम्ही नसता तर अडलंच असतं. कॉम्प्युटरमधली नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतंच, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये आपल्या जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात पक्कं केलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमात, कलम ६३ खाली, त्याचे दोन भाग झालेत. एक नोंद देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहायची, म्हणजे फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा आकडा. दुसऱ्या भागासाठी तुम्ही पुण्याला तुमच्या सरांना गाठलंत आणि जाण्यायेण्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. शेवटच्या काही मिनिटांची नोंद दिली तरी पुरे, असं वकिलांचं मत होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. हैदराबादपासूनची पूर्ण फेरी दिलीत. त्यात हे कितीतरी तास न थांबता चालवत होते तेही दिसत होतं. अर्धी नोंद दिली तर उरलेली खरी कोण मानेल, हा तुमचा सवाल होता. न्यायाधिकरणाने आमच्याकडे वीस टक्के दोष धरला आणि भरपाईतून तेवढे कापले. आम्हाला ते मान्य आहे. यांनी स्वतःच सांगितलं की सोलापुरात तासभर गाडी लावायला हवी होती. माल सकाळी पोचवायचाच, असं फोनवर दटावणाऱ्यांनीही ते तास बघावेत, असं मला फार वाटतं.

जयपूर फूट बसवून हे आता घरात चालतात. ओळखीतले ड्रायव्हर, क्लीनर यांना भेटायला आले की आधी नोंदीचं विचारतात, आणि हे तुमचं सगळं सांगणं त्यांना नीट समजावतात. मागच्या महिन्यात मोहोळच्या एका पोराच्या घरच्यांना आम्ही तुमचा नंबर दिला, न विचारता दिला, रागावू नका. त्यांची गाडी अजून गॅरेजला लागलेली नाही.

तुमची,
एका ड्रायव्हरची बायको