काकू, ‘किती देऊ?’ असं विचारल्याबद्दल

प्रिय काकूंना,

सप्रेम नमस्कार.

सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि तुमचं पोळी-भाजी केंद्र अखेर बंद झालं. शेवटच्या दिवशी बोलायचं होतं. पण एकीकडे गिऱ्हाइकं, दुसरीकडे टेम्पोवाला आणि मधे तुम्ही ‘अरे, परात आपटू नकोस’ म्हणून ओरडताय, अशा धबडग्यात मी तशीच परत आले. म्हणून हे पत्र. उघडच लिहितेय, कारण डोंबिवलीतले तुमचे निम्मे खातेदार ते वाचतील आणि तुम्हाला फोन करून सांगतील याची मला खात्री आहे. चष्मा सापडला नाही तर सूनबाईंकडून वाचून घ्या.

आभार मानायचेत ते तुमच्या रोजच्या एका प्रश्नाचे. ‘किती देऊ?’

तुम्हाला हसू येईल. पोळी-भाजी केंद्रात दुसरं काय विचारणार? पण मला तोवर ते कुणी विचारलंच नव्हतं. सांगलीला घरी आई वाढायची आणि पान स्वच्छ झाल्याशिवाय उठायचं नाही हा कायदा. कॉलेजात गेल्यावर आईची जागा डाएटने घेतली. तिथून पुढे मी किती खायचं हे कधी मासिकातल्या तक्त्याने ठरवलं, कधी जिममधल्या मुलाने, कधी मोबाइलमधल्या अ‍ॅपने. आठवडाभर कोबीचं सूप पिऊन झालं, त्यात एक अख्खा दिवस नुसती केळी आणि दूध. दुधीचा रस झाला. भात बंद, मग पोळी बंद, मग कीटो म्हणून पनीरच पनीर, मग सोळा तास उपाशी आणि आठ तासांत काय ते जेवण. संकष्टी आणि गुरुवार धरायला लागले तेव्हा आईला केवढा आनंद झाला होता. खरं कारण दत्तगुरूंना माहीत असावं.

बदली होऊन मुंबईत आले आणि तुमच्याकडे खातं उघडलं. फोर्टातून सुटायचं, लोकलमध्ये लटकत यायचं आणि आठच्या सुमारास तुमच्या काउंटरपाशी उभं राहायचं. मागे दोन मावशी लाटतायत, एक भाजतेय आणि तुम्ही स्टुलावर वही घेऊन. पोळी तव्यावरून उतरली की तुम्ही तिच्यावर तेलाचा हात फिरवायचात, चौघडी घालायचात आणि कागदात ठेवण्याआधी मान वर करायचात. ‘किती देऊ?’ ‘कालच्याइतक्याच?’ असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मीच ‘नेहमीच्याच’ म्हटलं तर म्हणायचात, ‘नेहमीची भूक असते होय रोज?’ आणि दीड म्हटलं तर दीडच. अर्धी पोळी विकणारं दुसरं केंद्र मी पाहिलेलं नाही. हातानेच बरोब्बर मधोमध फाडायचात, उरलेली अर्धी मावशींच्या ताटात जायची.

सुरुवातीला माझं उत्तर अ‍ॅपकडून आलेलं असायचं. एक. भूक असो, नसो, एक. किंवा आज पोळी नको, नुसती भाजी द्या.

मग तो महिनाअखेरचा हिशेब. तुम्ही वही माझ्याकडे वळवलीत आणि माझ्या नावापुढचे आकडे बोट ठेवून वाचायला लागलात. एक, एक, शून्य, एक, शून्य, सहा. सहावर बोट थांबलं. ‘पाहुणे होते का गं?’ मी हो म्हटलं. पुढे एक, शून्य, शून्य, पाच. बोट पुन्हा थांबलं. ‘पुन्हा पाहुणे?’ मी काहीच बोलले नाही. तुम्ही चष्म्यावरून एकदा पाहिलंत आणि म्हणालात, ‘उद्या मेथी आहे, आवडते ना?’

पुढे एक शब्दही विचारला नाहीत, त्याचे आभार वेगळे. पण ती ओळ माझ्या डोक्यातून जाईना. अ‍ॅपमध्ये माझे शून्याचे दिवस हिरवे दिसायचे आणि सहाचा दिवस लाल. हिरवे दिवस माझी कर्तबगारी, लाल दिवस माझा नालायकपणा, असा माझा हिशेब. तुमच्या वहीत सगळे आकडे एकाच निळ्या शाईत, एका रांगेत होते. त्यामुळे दिसलं की सहा येतो तो शून्याच्या पाठोपाठच येतो.

पुढच्या काही महिन्यांत केस गळायला लागले, हिमोग्लोबिन घसरलं आणि ऑफिसच्या तपासणीतल्या डॉक्टरांनी ठाण्याच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मी गेले होते नवीन तक्ता मागायला. त्यांनी मला एक हकिगत सांगितली, ती तुम्हालाही सांगायची राहिली आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४ साली अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण निवडले. युद्धात बंदूक धरायला नकार दिलेली मुलं होती ती. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा जेवतं कसं करायचं हे कळावं म्हणून ती आपणहून उपाशी राहायला तयार झाली. २४ आठवडे त्यांना अर्ध्या आहारावर ठेवलं. ब्रेड, बटाटे, कोबी, सलगम, असलंच काहीबाही. वजनं सुमारे पाव हिश्श्याने उतरली. पण त्याहून विचित्र गोष्ट वेगळीच. ही मुलं दिवसरात्र जेवणाबद्दलच बोलायला लागली. स्वयंपाकाची पुस्तकं वाचायला लागली, पाककृती जमवायला लागली, ताटल्या चाटायला लागली. आणि प्रयोग संपून पोटभर मिळायला लागलं तरी किती तरी आठवडे त्यांची भूक शमेना. पोट तुडुंब भरलं तरी आणखी हवंच.

त्यांचा तो उपासमारीचा आहार दिवसाला १,६०० कॅलरींच्या आसपास होता. माझ्या अ‍ॅपने मला नेमून दिलेला आकडा होता १,२००. ते पुरुष होते, आठवड्याला २२ मैल चालत होते, तेव्हा तुलना शब्दशः करू नये हे मलाही कळतं. पण एक पोळी खाऊन रात्री अकराला अंथरुणात पडल्या पडल्या मिसळीच्या तर्रीचे आणि तंदुरी कोंबडीचे व्हिडिओ कोण बघत होतं, काकू? त्या मुलांना कुणी ‘मनावर ताबा नाही’ म्हटलं नाही. अन्न तोडलं की कुणाच्याही मनाचं हेच होतं, एवढंच त्यातून निघालं.

त्या बाईंनी तक्ता दिलाच नाही. रात्री काय जेवता, विचारलं. मी तुमच्याबद्दल सांगितलं, वहीसकट. त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्या काकूंना सोडू नका. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकी आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी लहान मुलांना भरवण्याची एक वाटणी सांगितली आहे. काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी बघायचं. किती, आणि मुळात खायचं की नाही, ते मुलाने. तुमचं केंद्र नेमकं याच वाटणीवर चालत होतं. सोमवारी मटकीची उसळ, बुधवारी पिठलं, शुक्रवारी भरली वांगी, हे तुम्ही ठरवणार. ‘मला पनीर’ म्हणणाऱ्याला तुम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलचा रस्ता दाखवायचात. वेळही तुमची, नऊला शटर खाली. ‘किती’ तेवढं माझं. माझे सगळे डाएट नेमकं तेच माझ्याकडून काढून घेत होते, आणि बाकीचं, म्हणजे दमूनभागून आल्यावर काय शिजवायचं, कधी शिजवायचं, ते माझ्या गळ्यात टाकत होते.

वेळेचं महत्त्वही मला तेव्हाच कळलं. पोटात घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक तयार होतं, भूक लागल्याची वर्दी मेंदूला देणारं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधलं. आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी ते आपोआप वाढतं. माझ्या जेवणाला वेळच उरली नव्हती. कधी दुपारी दोनला पहिला घास, कधी रात्री अकराला शेवेचा डबा उघडून उभ्या उभ्या. भूक लागते तेव्हा नेमकं कसं वाटतं हे मला खरोखर सांगता येत नव्हतं. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, पण त्याला भूक म्हणतात हे लक्षात यायचं नाही. तुमच्या पोळीवर काही महिने नेमाने आठला जेवल्यावर कधी तरी डोंबिवलीच्या फलाटावर उतरताना पोटात साधी, सरळ भूक लागली. इतकी ओळखीची, की शाळेतून घरी येतानाची आठवली.

या सगळ्या प्रकाराला ‘इंट्युइटिव्ह इटिंग’ असं नाव आहे. एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या दोन अमेरिकी आहारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये ते मांडलं. त्यांची दहा तत्त्वं आहेत. डाएटचा नाद सोडा हे पहिलं, आणि सत्त्व, जीवनसत्त्व, पोषण हा विषय थेट दहावा. मला वाटलं, छापण्यात गडबड झाली. पण क्रम मुद्दामच तसा आहे. अन्नाची भीती आधी जायला हवी, नाही तर नाचणीची भाकरीसुद्धा शिक्षा होते. अर्थात माणूस कशाचाही नियम करतो. मी प्रत्येक जेवणाआधी भुकेला दहापैकी मार्क द्यायला लागले आणि तुमच्या काउंटरवर उभी राहून ‘सहा आहे की सात’ ठरवत बसले. मागे रांग. तुम्ही म्हणालात, ‘अगं, दोन ने. कमी पडली तर परत ये, नऊपर्यंत आहे मी.’ परत येता येतं, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता खाल्लं नाही तर पुन्हा मिळणार नाही, या घाईनेच तर सहा पोळ्या जायच्या.

आपल्याकडे यात दोन अडचणी आहेत, त्या परदेशी तज्ज्ञांच्या गावी नसाव्यात. एक म्हणजे आग्रह. लग्नाच्या पंगतीत ‘नको’ म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान, आणि वर दोन जिलब्या पानात पडणारच. दुसरी म्हणजे अन्न टाकणं हे पाप, त्यामुळे उरलंसुरलं घरातल्या बाईच्या पोटात. पोट भरलं तरी पान रिकामं नाही म्हणून खात राहायचं, ही सवय डाएटइतकीच जुनी निघाली. त्यावरचा उपायही तुमचाच. उरली तर कुस्कर, कांदा-मिरची-कढीपत्त्याची फोडणी दे, दाण्याचं कूट घाल, सकाळी फोडणीची पोळी. आता पोट भरलं की थांबते. सकाळचा नाश्ता तयार असतो.

होळीचं मात्र लिहिलंच पाहिजे. तुमच्याकडे पुरणपोळीची रांग जिन्यापर्यंत होती. एरवी मी होळीला पुरणपोळी ‘शून्य’ सांगून घरी जायची आणि रात्री श्रीखंडाचा डबा संपवायची. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, ‘किती देऊ?’ आणि मी दोन म्हटलं. कटाची आमटी, वाटीत तूप. पहिली पोळी मन लावून खाल्ली. कडेपर्यंत पुरण गेलेलं, जायफळ जरा जास्त (रागावू नका). दुसरी अर्धी झाली आणि पुढे जाववेना. इच्छा मारली नव्हती, ती तिथे संपलीच होती. अर्धी पुरणपोळी फ्रिजमध्ये ठेवून मी झोपले आणि ती रात्रभर मला हाक मारत बसली नाही. ज्यांनी डाएट केलेत त्यांना यातला चमत्कार कळेल.

आता तुमचा प्रश्न मला माहीत आहे, ‘मग बारीक कशी नाही झालीस?’ नाही झाले. वजन थोडं वाढलं आणि एका जागी टेकलं. हा बारीक होण्याचा मार्ग नव्हेच, आणि तसा तो विकणारे जे निघालेत ते जुनंच डाएट नवीन बरणीत भरतायत. हिमोग्लोबिन सुधारलं, गोळ्यांनी आणि जेवणाने मिळून. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र माझं पत्र वाचून पोळ्या वाढवू नयेत. इन्सुलिन घेणाऱ्याला जेवणाची वेळ आणि माप डॉक्टरांना विचारूनच ठरवावं लागतं, आणि तुम्ही त्यांना भाकरी मोजूनच द्यायचात तेच बरोबर.

तुम्ही सगळं ओळखून होतात, असं म्हणून तुम्हाला मखरात बसवणार नाही. ‘किती देऊ’ विचारायचात कारण उरलेली पोळी म्हणजे तोटा. वरच्या मजल्यावरच्या मुलीला तुम्ही सगळ्यांदेखत ‘जरा सुटलीस गं’ म्हणालात तेव्हा मला तुमचा रागही आला होता. ती चौदा वर्षांची आहे, काकू. तिलाही नुसतं ‘किती देऊ?’ एवढंच विचारायचं होतं. गावी जाण्याआधी ती भेटली तर एकदा प्रेमाने बोला तिच्याशी.

मागच्या महिन्याचे पैसे सूनबाईंच्या नंबरवर पाठवलेत. अर्ध्या पोळ्यांचे तुम्ही कधी धरत नव्हता, मी धरलेत. परत पाठवू नका.

तुमची,
खातं नंबर सदतीस