पुश्काश मेलबर्नला आला तेव्हा

कोल्हापूर

चि. अभिजितस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "बाबा, इथं आपला अनुभव कुणी धरतच नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात." तेव्हा मला काही बोलायला सुचलं नाही. रात्री हंगेरीचा फुटबॉलपटू पुश्काश आठवला. तुमच्याच मेलबर्नमध्ये राहून गेलेला माणूस. शाहू स्टेडियमवर बसून त्याच्या गोष्टी तुला खूप सांगितल्या, पण त्या सगळ्या खेळाडू पुश्काशच्या. १९५३ साली वेम्बलीवर हंगेरीनं इंग्लंडला ६-३ असं धुतलं. त्यानं चेंडू तळव्याखाली मागं ओढला आणि इंग्लंडचा कॅप्टन बिली राइट भलतीकडंच घसरत गेला, तो गोल तर तुला पाठ आहे. आज त्याच्या पुढचं सांगतो.

१९५६ मध्ये बुडापेस्टात उठाव झाला आणि तो चिरडायला रशियाचे रणगाडे घुसले. त्याचा क्लब होनवेद, म्हणजे लष्कराचा संघ, युरोपियन कपसाठी, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगसाठी, बाहेर होता. नोव्हेंबरात बिल्बाओला सामना खेळले. पुश्काश तेव्हा घरी परतलाच नाही. फिफानं बंदी घातली, वजन बेसुमार वाढलं. १९५८ ला रेआल माद्रिदनं घेतलं तेव्हा वय ३१. दोन वर्षांनी युरोपियन कपच्या फायनलला फ्रँकफर्टच्या संघावर सात गोल झाले, त्यातले चार या जाड्याचे.

कोच म्हणून तो फार थोर होता असं मी म्हणणार नाही. एक मात्र जबरदस्त केलं. १९७१ ला अथेन्सच्या पनाथिनायकोसला युरोपियन कपच्या फायनलला नेलं. सेमीफायनलला बेलग्रेडमध्ये ४-१ हरले होते. घरच्या मैदानावर ३-० जिंकले, बेरीज ४-४ झाली, आणि बाहेर केलेल्या त्या एका गोलवर पुढं गेले, कारण बरोबरी झाली की तेव्हा परक्या मैदानावरचा गोल जास्त धरायचे. फायनल परत वेम्बलीवरच! तिथं आयाक्सनं २-० हरवलं, पण आजवर दुसरा कुठला ग्रीक क्लब तिथवर पोचलेला नाही. नंतर चिली, सौदी, इजिप्त, पॅराग्वे. बोलावतील तिथं जायचं, असंच चाललं होतं.

१९८९ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, तो मेलबर्नला आला. साउथ मेलबर्न हेलास, ग्रीकांनी काढलेला क्लब. पोरं दिवसभर नोकऱ्या करून संध्याकाळी सरावाला यायची. याचं इंग्रजी यथातथाच, पण अथेन्सची ग्रीक कामाला आली. क्लबचा कॅप्टन अँज पोस्टेकोग्लू, ग्रीसमध्ये जन्मलेला, लेफ्ट-बॅक. साहेब ग्रीकमध्ये बोलणार, हा पोरांना इंग्रजीत सांगणार. साहेबांना गाडीतून न्यायचं-आणायचं कामही त्याच्याकडंच. विचार कर, आज ज्याच्या नावानं फिफा वर्षातल्या सगळ्यात देखण्या गोलचं बक्षीस देते, तो या पोराच्या शेजारच्या सीटवर बसून सरावाला जायचा. पोस्टेकोग्लू अजून सांगतो की त्याला मोठेपणा माहीतच नव्हता. डावपेच एकच, विंगर दोन्ही कडांना ठेवा आणि पुढं खेळा. बचावाची फारशी फिकीर नाही. आपल्या पेठेतल्या जुन्या कोचनी कपाळाला हात लावला असता. पण १९९१ ला याच क्लबनं मेलबर्न क्रोएशियाला टायब्रेकरवर हरवून ऑस्ट्रेलियाची लीग जिंकली.

त्या ड्रायव्हर-कॅप्टनचं पुढं काय झालं ते तुला सांगायला नकोच. २०२५ च्या मे महिन्यात कोच म्हणून इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबला युरोपा लीग जिंकून दिली, तीही बिल्बाओमध्ये! पहाटेपर्यंत जागून बघितला मी तो सामना, आईच्या शिव्या खाऊन.

तुझे घरमालक ग्रीक आहेत म्हणालास ना? सत्तरीचे असतील तर हेलासच्या मॅचला गेलेले असणारच. त्यांना विचार, पुश्काश सरावात पेनल्टी मारून दाखवायचा का, आणि डाव्याच पायानं का. काय म्हणतात ते सविस्तर लिही. नेहमीसारखा नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
बाबा