चार्जर बसवलेत, आता चालू पण ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महाराष्ट्र सरकारने 2025 च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी ठरवली, हायवेवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचंही त्यात आहे, हे चांगलंच झालं. पण इलेक्ट्रिक गाडी घेऊन लांब निघालेल्या माणसाला टोलची काळजी नसते हो, पुढचा चार्जर चालू असेल ना ही काळजी असते.

आमच्या पुणे-कोल्हापूर रस्त्यावर चार्जर कमी आहेत असं मी म्हणणार नाही, हॉटेलं, पेट्रोल पंप सगळीकडे मशीनं उभी राहिलीत. पण ॲपमध्ये उपलब्ध दिसतं म्हणून आत वळावं तर स्क्रीन काळी, कधी लाईट गेलेली, कधी मशीनला नेटवर्कच नाही म्हणून ॲपवरून चार्जिंग सुरू होत नाही, तर कधी ते लाल इमर्जन्सी बटण कुणीतरी दाबून ठेवलेलं असतं आणि ते फिरवून परत वर आणायचं असतं एवढंसुद्धा तिथल्या वॉचमनला कुणी दाखवलेलं नसतं. त्याचा काय दोष, त्याला शिकवलंच नाही कुणी.

एकदा रात्री कराडच्या अलीकडे असंच झालं, सोबत म्हातारी आई होती, हेल्पलाईनवाले फोन उचलेनात. शेवटी हॉटेलमालकांनी मागच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावू दिली. भला माणूस. पण त्या सॉकेटमधून तासाला फार तर 3 युनिट जातात, म्हणजे पुढच्या चार्जरपर्यंत पोचण्यापुरतं मिळवायलाच किती वेळ बसावं लागलं असेल बघा. हायवेला डीसी फास्ट चार्जर, म्हणजे बॅटरी झटपट भरणारं मोठं मशीन लागतं ते याचसाठी.

दुसरा त्रास पैसे भरायचा. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं, त्यात आधी पैसे टाकून ठेवा, मग ते तिथेच पडून राहतात. सगळ्यांसाठी एकच ॲप आणायचं बोललं जातंय, ते येईल तेव्हा येईल, तोपर्यंत मशीनवर साधा यूपीआयचा क्यूआर लावायला काय हरकत आहे? घरच्या विजेवर जीएसटी नाही, इथे 18 टक्के देतो आम्ही, रेटही घरच्यापेक्षा बराच जास्त, तेही देतो. मग सेवा तरी चालू पाहिजे ना.

गाडीवाल्यांनाही एक विनंती. 80 टक्क्यांनंतर बॅटरी जपण्यासाठी गाडी स्वतःच करंट कमी घेते, त्यामुळे शेवटचे 20 टक्के फार हळू भरतात. मागे लाईन असेल तर 80 ला गन, म्हणजे गाडीत लावायचा चार्जरचा प्लग, काढा आणि निघा, दिवाळीच्या गर्दीत तर नक्कीच. बऱ्याच 60 किलोवॅटच्या मशीनवर दोन्ही गन लागल्या की पॉवर अर्धी-अर्धी वाटली जाते, तुम्ही 100 टक्क्यांसाठी थांबलात की शेजारचाही खोळंबतो. आणि पेट्रोल-डिझेलवाल्यांनी सावली दिसली म्हणून चार्जरसमोर गाडी लावून जेवायला जाऊ नये, प्लीज.

केंद्राने पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग स्टेशनसाठी 2000 कोटी ठेवलेत. माझं म्हणणं एवढंच की किती मशीनं बसली हे जसं मोजता तसं महिन्यात किती तास चालू होती हेही मोजा, ते लोकांना दिसेल असं जाहीर करा, आणि अनुदानाचा काही भाग त्यावरच द्या. बंद मशीन ॲपमध्ये चालू दाखवलं तर दंड लावा. प्रत्येक मशीनवर रात्रीसुद्धा उचलला जाईल असा नंबर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. आणि हॉटेलातल्या, पंपावरच्या एका तरी माणसाला मशीन बंद करून परत सुरू कसं करायचं ते शिकवा, अर्ध्या तासाचं काम आहे ते.

आपला,
एक ईव्हीधारक वाचक, सातारा