खुले पत्र : माझं नाव यादीतून काढलंत, त्याबद्दल

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सामान्य प्रशासन विभाग, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. मिस्टर सरकारी नोकरीत असताना गेले, म्हणून वारसाला मिळणाऱ्या अनुकंपा नोकरीसाठी माझे सत्तावीस विनंती अर्ज झाले. अठ्ठाविसावा आवक खिडकीत न देता चारचौघांत टाकते आहे.

गेल्या सोमवारी पोस्टमनने पाकीट आणलं. पोरगी ओरडली, "आई, ऑर्डर आली!" मी हात धुऊन, देवापुढे ठेवून मग ते फोडलं. वयाची ४५ वर्षं पूर्ण झाली म्हणून अनुकंपा प्रतीक्षा यादीतून नाव वगळलं, एवढंच. नऊ वर्षांत त्या कचेरीने आपणहून पाठवलेलं हे पहिलं पत्र.

माझे मिस्टर सरकारी जीपवर वाहनचालक. २०१६ च्या मे महिन्यात ड्युटीवरून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि गेले. पोरगी दहा वर्षांची. नोकरीला २००५ नंतर लागलेले, त्यामुळे जुनी पेन्शन नाही. वर्षाच्या आत अर्ज केला. वारस दाखला, सासूबाईंची नाहरकत, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलं. यादीत नंबर ६३. तीन वर्षांनी विचारला तर ७१! यादी कोणत्या बाजूने सरकते, ते तरी एकदा सांगा.

दरम्यान मी शाळेत खिचडी शिजवली. महिना २,५०० रुपये, तेही अलीकडे. आधी दीड हजारच होते. रात्री पिको-फॉल. झेरॉक्सवाल्याने माझ्यावर मजला चढवला असेल.

एकदा साहेब म्हणाले, बाई, जागाच नाही. खाली आवारात मिस्टरांचीच जीप उभी होती, ठेकेदाराचा मुलगा पुसत होता. शिपायाच्या जागेचं विचारलं तर म्हणे तो संवर्ग मृत घोषित झालाय, म्हणजे त्या जागा आता भरायच्याच नाहीत. माझा माणूस मेला म्हणून मी आले, तर इथे पदसुद्धा मेलेलं. त्याच्या वारसांना कुठे घेता हो?

४ ऑक्टोबर २०२५ चा सोहळा मोबाईलवर पाहिला. १०,३०९ नियुक्तीपत्रं! त्यातली अनुकंपाची ५,१८७, बाकी एमपीएससीचे लिपिक. मिळाली त्यांचं भलं होवो, तीही माझ्यासारखीच घरं. पण यादीतून वय झालं म्हणून किती जणी गळल्या, तो आकडा स्टेजवर का नव्हता? मला विचाराल तर जितकी पत्रं वाटली तितकीच नावं गळली असतील. खोटं असेल तर यादी लावा फळ्यावर.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितलंय की ही नोकरी हक्क नाही, कर्ता माणूस गेल्यावर ओढवलेल्या तातडीच्या संकटातून घराला सावरण्यापुरती सवलत आहे. कबूल. पण नऊ वर्षं ताटकळत ठेवायचं आणि मग म्हणायचं, बाई जगलात की, मग गरज कसली! संकट तुमच्या फायलीपेक्षा आधी म्हातारं झालं, हा माझा गुन्हा?

माझ्या जागी पोरीचं नाव घ्या म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूरच्या पूर्णपीठाचा २०२४ चा निकाल घेऊन गेले होते. यादीतलं नाव बदलून दुसऱ्या वारसाचं घेता येतं, असा. बाबूंनी न वाचता परत दिला. "तो त्या केसपुरता." म्हणजे प्रत्येक विधवेने आपापला वकील करायचा, आणि आमदारांची पेन्शन मात्र अर्ज न करता वाढायची. वा!

पोरगी आता एकोणीसची आहे. तिला मराठी तीसचं टायपिंग लावलंय, फी दोन हप्त्यांत भरली. तिचा अर्ज परवा दिला, पोच घेतली आहे. तिला पंचेचाळीस व्हायला सव्वीस वर्षं आहेत. तुमच्या खात्याला पुरतील ना?

आपली,
वगळलेली क्रमांक ७१