विषय : रात्रीच्या मुक्कामासाठी ठेवलेल्या कुत्रीला औषध न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आमची चिंगी सात वर्षांची देशी कुत्री आहे. तिला फिट्स येतात. डॉक्टरांनी फिनोबार्बिटोनच्या ३० मिलिग्रॅमच्या दीड गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठ अशा बांधून दिल्या आहेत. हे औषध एकदम बंद झालं तर फिट उलटून येते, म्हणून दोन वर्षांत आम्ही तिची एकही वेळ चुकवलेली नाही.

सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी आम्हाला तीन रात्री सांगलीला जावं लागलं. पिंजऱ्यात चिंगी घाबरते, म्हणून केनेल नको, घरगुती सांभाळ हवा, असं ठरवून तुमच्या अॅपवरून पुण्यातल्याच एका पेट सिटरकडे बुकिंग केलं. 'पडताळणी केलेले' अशी हिरवी खूण आणि 'रात्रभर घरात माणूस' हे शब्द वाचून मी ९०० रुपये रात्रीचे, असे २,७०० रुपये भरले. औषधाची माहिती तुमच्याच फॉर्ममध्ये लिहिली आणि सिटरबाईंना तोंडीही सांगितली. दीड गोळीचा गोंधळ नको म्हणून सहा वेळांच्या सहा कागदी पुड्या बांधल्या आणि प्रत्येकीवर वार आणि वेळ लिहिली.

सोमवारी सकाळी साडेनऊला चिंगीला आणायला गेले. पुड्यांची डबी उघडली तर त्यात चार पुड्या जशाच्या तशा होत्या. 'शनि रात्र'पासून पुढची एकही घडी मोडलेली नव्हती. चिंगीच्या मागच्या पायांचे केस लघवीने चिकट झाले होते आणि जिभेच्या कडेला चावल्याची जखम होती. घरी नेताना रिक्षातच तिला फिट आली. मांडीवर ते ताठ झालेलं अंग धरून मी दवाखाना गाठला. तिथे दुसरी आली. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन ती थांबवली आणि दिवसभर सलाईनवर ठेवलं. औषध अचानक तुटल्याने असं झालं असावं, असं त्यांनी केसपेपरवर लिहिलं आहे.

सिटरबाईंना फोन केला तेव्हा कळलं, की त्या शनिवारी दुपारीच गावी गेल्या होत्या. शेजारचा मुलगा दोन वेळा येऊन खाणं-पाणी ठेवून जात होता. गोळ्यांचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या पोराला मी दोष देत नाही. पण रविवारी रात्री नऊला 'चिंगी मजेत आहे' म्हणून अॅपवर फोटो आला होता, त्यात तिच्या पाठीवर खिडकीतून लख्ख ऊन पडलेलं आहे. मी तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून तो फोटो पाहिला आणि निश्चिंत झाले, याचं मला फार वाईट वाटतं.

सोमवारी संध्याकाळीच तुम्हाला कळवलं. उत्तर आलं, 'सिटर स्वतंत्र आहेत, आम्ही केवळ माध्यम आहोत', आणि सोबत पुढच्या बुकिंगसाठी ५०० रुपयांचं कूपन. पैसे तुमच्या खात्यात गेले, हिरवी खूण तुम्ही दिली, बुकिंगआधी सिटरचा फोन नंबरही तुम्ही दाखवत नाही. मग विश्वास नेमका कुणावर ठेवायचा होता? आणि ते कूपन वापरून मी चिंगीला पुन्हा कुठे ठेवू?

मला २,७०० रुपये आणि दवाखान्याचे ४,८५० रुपये परत हवेत. या सिटरची पडताळणी कुणी, कधी आणि काय पाहून केली, हे लेखी हवं. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांच्याकडे दुसरं जनावर पाठवू नका. औषध चालू असलेल्या जनावरासाठी प्रत्येक डोसची वेळेसह नोंद मालकाला दिसेल, अशी सोयही करा. फोटोपेक्षा मला तीच हवी होती.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बुकिंगची पावती, केसपेपर, बिलं, तो फोटो आणि चार पुड्यांचा फोटो सोबत जोडला आहे. पुड्या मी जपून ठेवल्या आहेत, मागाल तेव्हा दाखवीन.

चिंगी आता घरी आहे. खाते, पण जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की पलंगाखाली जाऊन बसते.

आपली ग्राहक
(नाव व पत्ता बुकिंगमध्ये नोंदवलेला आहे)